दिनविशेष : २७ मे
एलोकेशीची हत्या आणि कालीघाटचे चित्रकार

१८७३ : बंगालमधील तारकेश्वरजवळ नवीनचंद्र बॅनर्जी याने पत्नी एलोकेशीचा मासळी कापायच्या विळीने गळा चिरला आणि स्वतःच गुन्हा कबूल केला. तारकेश्वरच्या शिवमंदिराच्या महंताशी तिचे संबंध असल्याचे त्याला कळले होते. त्याला जन्मठेप झाली, महंताला ३ वर्षांची सक्तमजुरी. लोकांच्या अर्ज-विनंत्यांनंतर १८७५ मध्ये नवीनचंद्र सुटला.

कोलकात्यातील कालीघाट मंदिराजवळच्या पटुआंनी, म्हणजे पारंपरिक चित्रकारांनी, हे प्रकरण कागदावर उतरवले : महंताची भेट, हत्या, तुरुंगात तेलाचा घाणा ओढणारा महंत. देवादिकांच्या चित्रांशेजारी ही चित्रेही यात्रेकरूंना स्वस्तात मिळत. वाचता न येणाऱ्यांसाठी तीच बातमी होती आणि तोच अग्रलेख. देवाच्या नावावर माजलेल्या सत्तेला साध्या कारागिरांनी उघडे पाडले, हे त्यांचे मोठेपण. आज ही चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही आहेत.

पण लोकांची सहानुभूती मारणाऱ्याला मिळाली. एलोकेशीची बाजू मांडायला ती स्वतः उरली नव्हती. इभ्रतीच्या नावाखाली आजही बायका मारल्या जातात. म्हणून ही चित्रे पाहताना नजर आधी तिच्यावर थांबायला हवी.