निळा धूर कोणाची साक्ष देतो?

१/ डिसेंबरची पहाट. नागपूरच्या नंदनवनात एका घरापुढे जुनी 'फियाट' सुरू होते आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट उठतो. पाहणारा निकाल देऊन मोकळा होतो : "इंजिन गेलं." पाच मिनिटांत तो लोट विरून जातो, इंजिन जिथल्या तिथे असते. धूर पाहून इंजिनाचे दुखणे ओळखणे ही एक विद्या होती. ती कशी घडली, महाराष्ट्रात कशी रुजली आणि का मागे पडली, याचा हा इतिहास.

२/ आरंभ रणांगणावर होतो. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत ब्रिटिशांनी प्रथमच रणगाडे उतरवले. त्यांत १०५ अश्वशक्तीचे डेमलर इंजिन होते. नेहमीच्या व्हॉल्व्हऐवजी त्यात सरकत्या नळ्या होत्या आणि त्या नळ्यांना वंगण मुबलक लागे. रणगाडा काही वेळ मंद गतीवर उभा राहून एकदम पुढे निघाला, की निळसर धुराचा ढग वर चढे. शत्रूच्या तोफांना नेम धरायला तेवढी खूण पुरे.

३/ हा प्रश्न हॅरी रिकार्डो या तरुण अभियंत्याकडे आला. धूर लपवण्यापेक्षा तेल वर येण्याची वाटच बंद करणे त्याला योग्य वाटले. त्याने १५० अश्वशक्तीचे नवे इंजिन रचले. त्यातील पिस्टनची मांडणी अशी होती, की खालच्या भागातले तेल सिलिंडरच्या वरच्या भागात पोहोचणे कठीण व्हावे. १९१८ मध्ये 'मार्क ५' रणगाडे हेच इंजिन घेऊन लढले. "धूर दिसतो" इथून "तेल कोणत्या वाटेने येते" इथपर्यंतचा हा प्रवास म्हणजेच निदान.

४/ मूळ पेच साधा आहे. सिलिंडरच्या भिंतीला तेल हवेच, नाहीतर धातू धातूला खाईल. पण इंधन जळते त्या जागी तेच तेल नको. ही सीमा राखतात पिस्टनच्या रिंगा. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम याने वाफेच्या इंजिनासाठी चिरलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकून राहणारी रिंग प्रचारात आणली. आजच्या गाडीतील रिंगही त्याच वंशाची. सीमेवरचा हा पहारा ढिला पडला, की तेल आत शिरते आणि जळते.

५/ आता कुर्ल्याला येऊ. सोलापूरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली आणि १९७४ पासून हीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने निघू लागली. लोक मात्र शेवटपर्यंत तिला 'फियाट'च म्हणत राहिले.

६/ तिचे इंजिन १०८९ सीसीचे : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. कार्ब्युरेटर, हाताने ओढायचा चोक, डोक्यावर व्हॉल्व्ह. संगणक नाही की धोक्याचा इशारा देणारा संवेदक नाही. इंजिनाला बोलायचे झाले, तर तीनच मार्ग होते : आवाज, वास आणि धूर. म्हणून ऐकणारा आणि पाहणारा माणूस अत्यावश्यक ठरला.

७/ परवान्यांच्या त्या काळात मोटारी मोजक्याच कारखान्यांत बनत आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हाती आलेली गाडी टाकून देणे परवडणारे नव्हते. इंजिन झिजले, की सिलिंडर 'बोअर' करायचे, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा घालायच्या, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. या टंचाईतून मिस्त्रींची एक पिढी घडली. तिचे पाठ्यपुस्तक कुणी छापले नाही. ते सायलेन्सरच्या टोकाशी वाचले जाई.

८/ त्या पाठ्यपुस्तकाचा पहिला धडा रंगाचा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी : अडकलेला चोक, ओसंडणारा कार्ब्युरेटर किंवा धुळीने बुजलेला एअर फिल्टर. पांढरा म्हणजे बहुधा पाण्याची वाफ. निळसर म्हणजे जळते इंजिन ऑइल. काळ्या धुरासाठी इंजिन उघडणे ही शुद्ध उधळपट्टी. तेथे बहुतेक वेळा स्वच्छता आणि जुळवणी पुरते.

९/ पांढऱ्या धुराबाबत नागपूरचे हवामान साक्षीदाराला गोंधळात टाकते. पेट्रोल जळताना पाणी तयार होतेच. थंडीच्या सकाळी ते गार सायलेन्सरमध्ये साठते आणि वाफ होऊन बाहेर पडते. इंजिन तापले की लोट थांबतो. चिंता करावी ती ऐन मे महिन्याच्या दुपारीही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमधील पाणी रोज कमी होत असेल तर. ऑइलचा रंग दुधाळ झाला, तर हेड गॅस्केटवरचा संशय बळावतो.

१०/ निळा धूर दिसला, की दुसरा प्रश्न विचारायचा : केव्हा? रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना एकच झुळूक येते आणि मग सारे स्वच्छ. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि पुन्हा दाबला, की मागे निळा फुगा. या दोन्ही खुणा वरच्या वाटेकडे, म्हणजे व्हॉल्व्ह गाइडकडे बोट दाखवतात. पाय काढताच इंजिनातील ओढ वाढते आणि झिजलेल्या गाइडमधून तेल आत खेचले जाते. नागपूर सपाट, त्यामुळे इथे उड्डाणपुलाचा उतार हीच प्रयोगशाळा.

११/ याउलट, चढावर किंवा भरल्या गाडीने वेग घेताना निळा धूर सतत निघत असेल, तर संशय खालच्या वाटेवर, रिंगांवर जातो. ऑइल भरायचे झाकण उघडून पाहावे. इंजिन चालू असताना तेथून जोराने फुसफुस येत असेल, तर जळलेला वायू रिंगा ओलांडून खाली उतरतो आहे. विदर्भाच्या उन्हाळी धुळीत फुटका एअर फिल्टर वापरणे म्हणजे सिलिंडरला पॉलिश पेपर लावण्यासारखेच.

१२/ तरीही शंका उरली, तर एक सुंदर कसोटी आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. मग कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचा. दाब लक्षणीय वाढला, तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती बुजवली, दोष तेथेच. फारसा वाढला नाही, तर व्हॉल्व्ह आणि हेड तपासावे. एकाच साक्षीदाराला दोन वेळा विचारून उत्तर बदलते का, हे पाहण्याची ही पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये.

१३/ तिसरा प्रश्न हिशेबाचा : ऑइल किती जाते? गाडी सपाट जागी, इंजिन थंड, डिपस्टिक पुसून पाहायची. किती भरले आणि किती किलोमीटर झाले, हे वहीत लिहायचे. काही उत्पादक हजार किलोमीटरला एक लिटर ही सहनशीलतेची शेवटची सीमा मानत. आणि जळते की गळते? रात्री इंजिनाखाली जुने वर्तमानपत्र पसरावे. सकाळी त्यावर डाग असेल, तर धुराला दोष देण्याआधी गळती शोधावी.

१४/ कायद्यालाही धूर दिसत होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११० केंद्राला धूर, दिसणारी वाफ, ठिणग्या, राख, कण आणि तेल यांच्या उत्सर्जनावर नियम करण्याचा अधिकार देते. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी चारचाकी पेट्रोल गाडीसाठी मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के ठेवली. येथून धुराचा रंग मागे पडला आणि आकडा पुढे आला. 'पीयूसी' हा शब्द घरोघरी पोहोचला.

१५/ आकड्याने मोठे काम केले, यात शंका नाही. डोळ्यांना न दिसणारा विषारी वायू मिस्त्रीच्या नजरेला कधीच सापडला नसता. पण ही चाचणी उभ्या गाडीची, मंद गतीवरची. व्हॉल्व्ह गाइडचा निळा फुगा दिसतो तो उतारावर, आणि रिंगांचा चढावर. म्हणून एखादी गाडी सकाळी प्रमाणपत्र मिळवते आणि दुपारी मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर तेल जाळत जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

१६/ मुंबईत हा प्रश्न न्यायालयात गेला. धुराने त्रस्त नागरिकांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळवण्याचे आदेश निघाले, पुढे टॅक्सीसाठी वयाची अट आली आणि ती २० वर्षांवर स्थिरावली. ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्या हिशेबाने ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली.

१७/ त्या निर्णयामागे दमा असलेली मुले होती, सिग्नलवर उभे राहणारे पोलीस होते. त्याला केवळ निष्ठुर म्हणता येत नाही. लाखो गाड्यांची नाडी एकेक करून तपासणे शासनाला अवघड, जन्मतारीख तपासणे सोपे. पण वय हा झिजेचा अंदाज आहे, पुरावा नव्हे. नीट राखलेले वीस वर्षांचे इंजिन स्वच्छ असू शकते आणि हेळसांड झालेले सात वर्षांचे निळे.

१८/ खासगी गाडीला आजही वाट आहे. नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीचे हे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले. त्यामुळे मालकापुढचा प्रश्न खराखुरा आहे : इंजिन उतरवायचे, गाडी भंगारात द्यायची, की नुसते गाइड बदलायचे? चुकीच्या निदानाची किंमत येथे हजारो रुपयांत मोजली जाते आणि कधी चालत्या गाडीच्या आयुष्याने.

१९/ रंग कोणता, केव्हा दिसतो, किती ऑइल जाते : हे तीन प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. एक वही, एक जुने वर्तमानपत्र आणि मागच्या आरशात पाहण्याचा धीर पुरतो. ते विचारायला शिकवणारे मिस्त्री आता साठीपलीकडे गेले आहेत. आपल्या गावात, गल्लीत असा कुणी असेल, तर त्यांच्याकडे जाऊन बसा, विचारा आणि लिहून ठेवा. हाही इतिहासच आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठे नाही.

२०/ आणि नंदनवनातील त्या सकाळचे काय? लोट विरला, गाडी निघाली. कोपऱ्यावर वळताना मालकाने आरशात पाहिले. मागे फक्त धुके होते.