मिलिंद: एका ग्रीक नावाची कुळकथा

तळेगाव (श्यामजी पंत) काय किंवा विदर्भातलं दुसरं कुठलंही गाव काय, 'मिलिंदाऽऽ' अशी हाक ऐकू आली की समजावं, एका ग्रीक नावाचा पुकारा झाला. मूळ नाव मेनान्द्रोस.

या नावाचे नामांकित पुष्कळ: अथेन्सचा सुखात्मिका लिहिणारा नाटककार, सिकंदराचा लिडियातला क्षत्रप. आपला संबंध मात्र इ.स.पू. दुसऱ्या शतकात पंजाबात राज्य करणाऱ्या मेनान्द्रोसशी. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक लेख, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. ही नाणी इसवी सनाच्या पहिल्या शतकातही भडोचला चालत, असं 'पेरिप्लस' हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो. पैठण आणि तेरचा माल उतरायचा तोही भडोचलाच.

नाण्यावर मेनंद्र, तर या राजाचा भिक्खू नागसेनाशी झालेला संवाद सांगणाऱ्या पाली 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात मिलिंद कसा? उत्तर आपल्या शिवारातच आहे. संस्कृत 'निंब' मराठीत 'लिंब' होतो; संस्कृत 'लाङ्गल' पालीत 'नङ्गल' आणि मराठीत 'नांगर'. 'न' आणि 'ल' जागा बदलतात, त्यातही शेजारी अनुनासिक असलं की अनेकदा.

प्रतिपक्ष भुंग्याचा. संस्कृत कोशात मिलिंद म्हणजे भुंगा, आणि बारशाला बरेच आईवडील तोच अर्थ सांगतात. मला तो पुरेसा वाटत नाही. भुंग्याला भ्रमर, षट्पद, अली असे कितीतरी शब्द; मग घरोघर मिलिंदच का? कारण या नावामागे राजा उभा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेलं महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय झालं, आणि परिसराला नाव मिळालं नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघे विद्येच्या एकाच आवारात आले. १९५६ साली नागपुरात आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर विदर्भातल्या बौद्ध घरांत मिलिंद आणि नागसेन ही नावं रुजली ती याच वाटेने, असं माझं ठाम मत आहे.

'मिलिंदपञ्ह'मधला संवाद सुरू होतो तोही नावावरूनच. राजा नाव विचारतो. भिक्खू म्हणतो, नागसेन म्हणतात, पण ते नुसतं नाव आहे. मग तो रथाचा दाखला देतो: आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे.

तुमच्या घरी मिलिंद असेल, तर त्याला भुंग्याचा अर्थ जरूर सांगा. पण 'मिलिंदपञ्ह'मधला हा पहिला संवादही वाचून दाखवा. वाद हरल्यावर ज्ञान स्वीकारणाऱ्या राजाचं नाव त्याला मिळालं आहे.