कटला आधी जातो

सप्टेंबरातलं शेततळं. रोहू, कटला, मृगळ. पाणी गडद हिरवं, आभाळ दोन दिवस भरलेलं. पुढचा घटनाक्रम कुठल्या एका तळ्याचा नाही, पण मत्स्यशेती करणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल.

दुपारी ४. तेरा तास बाकी.
व्यापाऱ्याला वजन दाखवायचं म्हणून जाळं ओढलं जातं. थोडे मासे काट्यावर चढतात, बाकीचे जाळ्यात दाटीवाटीने धडपडतात, मग सगळे परत पाण्यात. काठावरच्याला वाटतं, झालं, गेले खाली.

खाली वेगळंच चाललेलं असतं. माशाला आपल्यासारखी वेगळी अधिवृक्क ग्रंथी नसते, तिचं काम मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो. तिथून काही सेकंदांत ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी बाहेर सोडते. कल्ल्यांच्या पाकळ्या रक्ताने भरतात.

पावणेपाच.
मेंदूचा निरोप पीयूषिका ग्रंथीमार्फत त्याच मूत्रपिंडात पोचलेला असतो आणि कॉर्टिसोल चढलेलं असतं. रक्तातली साखर वाढते. धडपडीने स्नायूंत साचलेलं लॅक्टिक आम्ल ओसरायला कित्येक तास लागतात.

खरी मेख कल्ल्यात आहे. तिथे रक्त जास्त आलं की प्राणवायू जास्त मिळतो, पण त्याच पातळ पडद्यातून अंगातलं मीठ झिरपून जातं आणि गोडं पाणी आत घुसतं. मीठ परत ओढून घ्यायचं तर ऊर्जा हवी, आणि ऊर्जेसाठी पुन्हा प्राणवायूच. श्वासासाठी उघडलेलं दार असं खर्चही वाढवतं.

संध्याकाळी ६.
रोजच्यासारखी शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा पडतो. माझ्या मते दिवसातली सगळ्यात मोठी चूक हीच. ताणातला मासा नीट खात नाही. खाल्लेलं पचवायला प्राणवायू लागतो, न खाल्लेलं तळाशी कुजायलाही लागतो.

रात्री १०.
३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे प्राणवायू मावतोच जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. दिवसा हिरवं प्लवक तो तयार करतं, रात्री तेच प्लवक माशांच्या पंक्तीला बसतं. ढगाळ दिवसाची शिल्लक मुळात तुटपुंजी. कार्प मासे सुखात राहायला ५ मिलिग्रॅम तरी हवा.

रात्री २.
प्राणवायू ३ च्या खाली. कल्ले भराभर हलतात. हृदयाचे ठोके मात्र मंदावतात, दर ठोक्याला जास्त रक्त ढकललं जातं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, त्यामुळे हिमोग्लोबिनची प्राणवायू धरण्याची ताकद घटते. काठावर एअरेटर आहे. थ्री फेज वीज सकाळी येणार आहे.

पहाटे ४.
मासे तोंड वर काढून पृष्ठभागावर येतात. सहसा कटला पहिला. हवेला टेकलेल्या पाण्याच्या पातळ थरात जरा जास्त प्राणवायू असतो, तो ओढायची ही धडपड. आता पंपाने पाणी उंचावरून फवारलं तरी बरेच मासे वाचतील. पण तळ्यावर कोणी नाही.

पहाटे ५.
प्राणवायू १ मिलिग्रॅमच्या आसपास. मोठे कटले उलटे होतात. तोंड उघडं, कल्ल्यांची झाकणं फाकलेली.

उजाडल्यावर पहिला संशय बांधावर जातो: कोणीतरी औषध टाकलं. भांडण्याआधी मेलेले मासे पाहावेत. प्राणवायू संपला की आधी मोठे मासे जातात आणि बोटुकली बऱ्याचदा तगून राहते. विषात बहुधा उलट घडतं.

आठवडाभराने.
वाचलेल्यांच्या अंगावर लाल चट्टे दिसू लागतात. वाढलेलं कॉर्टिसोल रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवतं आणि एरोमोनास जिवाणू तळ्यात एरवीही असतोच, त्याला आयती संधी मिळते. ही मर थोडी थोडी होते, म्हणून कोणी तिचा संबंध त्या जाळ्याशी जोडत नाही.

तेव्हा आभाळ भरलेलं असेल तर व्यापाऱ्याला दोन दिवस थांबवा. जाळं ओढायचंच असेल तर सकाळी ऊन वर आल्यावर, आणि त्या दिवशी खाद्य बंद. रात्री एअरेटरला डिझेल इंजिनची सोय नसेल तर तळ्यात मासे कमी सोडा.