एकावन्नावी बाई

निपाणीच्या एखाद्या गल्लीतून दुपारच्या वेळी गेलं, की एक दृश्य हमखास दिसायचं. उंबऱ्याशी बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. आढ्याला लुगड्याची झोळी, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली. हात विड्या वळतायत आणि पाय लेकराला झोका देतोय. लहानपणी मला त्याचं फार कौतुक वाटायचं. काय कसब आहे बाईचं, असं वाटायचं. लेकरू ठेवायला तिला दुसरी जागाच नव्हती, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

आता कुणी म्हणेल, सरकारने पाळणाघराचा कायदा केला नव्हता का? केला होता की! एक सोडून चांगले पाच-सहा केले. आपल्याकडच्या बायकांना त्यांची नावंही माहीत नसतात, म्हणून हा इतिहास सांगायला बसले आहे. त्या कायद्यांत एक आकडा पुन्हा पुन्हा येतो, पन्नास. त्या आकड्याने काय काय केलं, ते बघण्यासारखं आहे.

गोष्ट मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होते. कोकणातून, घाटावरून आलेल्या बाया कताई-गुंडाळणीच्या खात्यात उभ्या राहून काम करायच्या. तान्हं मूल चाळीतल्या खोलीत. ते दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी द्यायची रीत होती. 'बाळगोळी' म्हणायचे तिला. नाव किती गोड! मुंबई सरकारने गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाची चौकशी करायला डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरांना नेमलं होतं. १९२२ च्या सुमारास त्यांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि या गोळीचा वापर किती सर्रास आहे, हे सरकारी कागदावर आलं. त्या आयांना दोष देणं सोपं आहे. पण भोंगा वाजला की त्यांनी गेटात हजर असायचं होतं आणि लेकराला सांभाळणारं घरी कुणी नव्हतं.

मग मागणी झाली ती आधी पैशाची. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. पुढे १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात असंच विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा बराचसा भार सरकारनेच उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मात्र सरकार उचलत नाही म्हणून मालकाला सोडून द्यावं, हेही त्यांना मान्य नव्हतं. १९२९ मध्ये कायदा झाला. बाळंतिणीला रोज आठ आणे, जास्तीत जास्त सात आठवडे. पैसे द्यायचे मालकाने. भार सरकारवर असावा हे सांगणं मागे पडलं आणि सगळा खर्च त्या बाईला कामावर ठेवणाऱ्याच्या माथी आला. पुढचं बरंच रामायण इथून घडलं, ते लक्षात ठेवू या.

दोन वर्षांनी, १९३१ मध्ये, व्हिटली कमिशनने कारखान्यात पाळणाघरं असावीत अशी शिफारस केली. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात ती थोडीफार उतरली. पन्नासांहून अधिक बाया जिथे काम करतात, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली राखायला लावायचा अधिकार प्रांतांच्या सरकारांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ती गोष्ट सक्तीची केली. खोली हवेशीर हवी, स्वच्छ हवी, मुलांची देखभाल शिकलेली बाई तिथे हवी. मुलांच्या दुधाची, आईला मध्ये जाऊन अंगावर पाजता येण्याची सोय करायला लावण्याची मुभाही सरकारला दिली. कायदा वाचला तर डोळे निवतात. तोच नियम मग चहाच्या मळ्यांना लागला, १९५१ मध्ये. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा झाला, त्यातही तेच. १९९६ मध्ये इमारतीवर काम करणाऱ्यांसाठी कायदा झाला, त्यातही पन्नासांहून अधिक बाया हीच अट.

आता आपण घर चालवणाऱ्या बायका. हिशेब आपल्याला कळतो. मालकाच्या जागी बसून बघा. पन्नास बाया आहेत तोवर एक पैचा खर्च नाही. एकावन्नावी आली, की खोली आली, पाळणे आले, सांभाळणारी आली. मग तो काय करेल? एकावन्नावी बाई घेणारच नाही. घेतलीच, तर हजेरीपटावर लिहिणार नाही, ठेकेदाराच्या नावावर दाखवेल. नाहीतर बाईऐवजी पुरुषच घेईल. १९७६ मध्ये फॅक्टरी कायद्यातला आकडा तिसावर आणला. हेतू चांगलाच होता. पण आता एकतिसावी बाई मालकाला जड झाली, इतकंच. मुंबईच्या गिरण्यांत बायांचं प्रमाण पुढे घटतच गेलं. त्याला रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं अशी कारणं बरीच आहेत. पण बाई कामावर ठेवणं महाग, ही समजूत पसरायला असे कायदे मदतच करत होते.

आणि विडीवाल्या बायांचं काय? तंबाखूच्या वखारीत बसून काम करणाऱ्या मोजल्या तरी गेल्या. घरी विड्या वळणाऱ्या, म्हणजे माझ्या डोळ्यांपुढची ती झोळीवाली, तिला १९६६ च्या कायद्याने मजुरीसाठी कामगार मानलं. पाळणाघर मात्र कारखान्याच्या जागेला जोडलेलं. तिची जागा म्हणजे तिचा उंबरा. तिथे बाई एकच, पन्नास कुठून होणार? १९७६ मध्ये विडी कामगारांसाठी कल्याण निधी निघाला, त्यातून दवाखाना, मुलांना शाळेसाठी मदत अशा गोष्टी आल्या. त्या चांगल्याच आहेत. पण ते मूल शाळेच्या वयाचं होईतो झोळीची दोरी आईच्याच पायात.

हे असंच चालायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही, कारण वेगळ्या रीतीने मोजणारे लोकही याच काळात होऊन गेले.

ताराबाई मोडकांनी बायका मोजल्याच नाहीत, त्यांनी मुलं बघितली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या या बाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि हा आपल्या मराठी अंगणातला शब्द देशभर गेला. इथे आई कुठे कामाला आहे, तिच्याबरोबर किती जणी आहेत, हे कुणी विचारत नाही. वस्ती बघून अंगणवाडी मिळते. उणीव एकच, पण मोठी. अंगणवाडी काही तासांची, आईचा दिवस आठ-दहा तासांचा. दुपारी पोर परत दारात.

मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत 'मोबाइल क्रेश' सुरू केलं. गांधी शताब्दीचं बांधकाम चाललेलं आणि मजूर बायांची तान्ही उन्हात, धुळीत पडलेली त्यांना दिसली. काम हललं की पाळणाघरही हलायचं, म्हणून ते फिरतं. गुजरातेत 'सेवा'च्या बायांनी खेडा जिल्ह्यात तंबाखूच्या शेतात राबणाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघरं काढली. तंबाखू तीच, जी आपल्याकडे. तिथे बायांनी एकत्र येऊन स्वतःलाच मोजलं.

सरकारलाही हळूहळू उमजत गेलं. १९४८ चा राज्य विमा कायदा बघा. त्यात बाळंतपणाची रजा भरून निघते ती सगळ्या कामगारांच्या आणि सगळ्या मालकांच्या वर्गणीतून. पुरुषाच्या पगारातूनही कापलं जातं. त्यामुळे अमक्या मालकाकडे बाळंतीण आली म्हणून त्याचा एकट्याचा खिसा रिकामा होत नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने तर मुलंच मोजली. कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली, की त्यांतल्या एका बाईने ती सांभाळायची आणि तिला खोदकामाइतकीच मजुरी द्यायची. पोर सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, असं कायद्यात लिहिलं गेलं! आपल्या आज्या-पणज्यांना हे सांगितलं असतं, तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या असत्या.

मग २०१७. बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली, आणि पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. इथे कामगार म्हणजे पुरुषही धरले. ऐंशी वर्षांनी का होईना, एकावन्नाव्या बाईची अडचण सुटली. पण सव्वीस आठवड्यांचा पगार विम्यात नसलेल्या मालकाने एकट्यानेच द्यायचा, म्हणजे १९२९ ची गाठ तशीच. ज्यांना मालकच नाही, त्यांच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा हजारांहून कमी नाही, इतक्या मदतीचा हक्क लिहिला आहे. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात, हप्त्याहप्त्याने. इकडे कर्नाटकात २०२३ मध्ये 'कूसिन मने' निघाली. कूसू म्हणजे तान्हं बाळ. ग्रामपंचायतीच्या हद्दीत बाळांचं घर, रोजगार हमीच्या कामाशी जोडलेलं. आपल्या सीमाभागातल्या बहिणींनी गावच्या पंचायतीत जाऊन त्याची चौकशी करावी, मराठीत विचारलं तरी चालतं.

जी दुसऱ्यांची मुलं सांभाळते, ती अंगणवाडीची ताईही अजून 'मानधना'वरच आहे. तिला ग्रॅच्युइटी द्यायला हवी, असं सुप्रीम कोर्टाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

हे सगळं आपल्याला का सांगते आहे? आपल्या समाजाला बायकांसाठी संस्था काढायचं नवल नाही. मगनबाईंचा मुंबईचा श्राविकाश्रम, सुमतीबाई शहांची सोलापूरची श्राविका संस्था, ही नावं आपण अभिमानाने घेतो. दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी चार दानं ऐकतो: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिल्या तिघांसाठी पावत्या फाटतात. अभयदान म्हटलं, की आपल्याला मुक्या जिवांचीच आठवण होते. ती हवीच. पण लेकरू एकटं ठेवून दुसऱ्याची भांडी घासणाऱ्या बाईच्या पोटात दिवसभर जी भीती असते, तीही भीतीच ना?

आणि इथे तो आकडा आपल्याच दारात येतो. आपल्या घरी कामाला येणारी बाई एकच असते. तेव्हा कुठलाच कायदा आपल्याला लागू नाही, आणि आपण निश्चिंत. पण गल्लीत एकावन्न घरं धरा. एकावन्न बाया सकाळी येतात, दुपारी जातात. त्या एका कारखान्यात असत्या, तर त्यांच्या मुलांना खोली मिळाली असती, पाळणे मिळाले असते. मिळत नाहीत, कारण मालकिणीही एकावन्न आहेत आणि प्रत्येकीच्या हजेरीपटावर एकच नाव आहे.

बेरीज करायला कुणीतरी बसायला हवं. ते काम महिला मंडळ करू शकतं. बस्तीजवळचा हॉल पंचकल्याणक, लग्नं आणि पर्वाचे दिवस सोडले तर वर्षभर कुलपात असतो. सकाळी आठ ते दुपारी दोन एक खोली उघडायची. सांभाळायला गल्लीतलीच एखादी बाई ठेवायची, आणि तिला मानधन नको, पगार द्यायचा. प्रत्येक घराने महिन्याला थोडंथोडं घातलं, तर कुणा एकीवर भार येत नाही. विम्याची रीत तीच आहे.

पुढच्या बैठकीला येताना एवढंच करा. आपल्याकडे येणाऱ्या बाईला विचारून या, की ती आमच्याकडे असते तेव्हा तिचं मूल कुठे असतं. उत्तरं वहीत लिहू आणि मग मोजू.