केमोथेरपीपूर्वी विग घेताय? खरा दिसणारा विग कसा निवडावा

केमोथेरपीच्या अनेक औषधांनी केस जातात. गळती बहुधा पहिल्या डोसनंतर 2 ते 4 आठवड्यांत सुरू होते. म्हणून विग बघायला डोक्यावर केस असतानाच जा. दुकानदाराला तुमचा रंग, भांग, केसांची ठेवण प्रत्यक्ष दिसते. जमलं नाही, तर निदान दिवसाउजेडी काढलेले फोटो जपून ठेवा.

विग ओळखू येतो तो कपाळाशी आणि भांगात. ‘लेस फ्रंट’ विगमध्ये पुढचे केस बारीक जाळीत एकेक करून गुंफलेले असतात, त्यामुळे ते कपाळावरच उगवल्यासारखे वाटतात. भांगाखाली ‘मोनोफिलामेंट’ जाळी असेल, तर त्यातून टाळूचा रंग दिसतो. उपचारात टाळू हुळहुळी होते, तेव्हा विगच्या आतून बोट फिरवून शिवण टोचत नाही ना, हेही पाहा.

लोक फसतात ते दाटपणात. हौसेने भरगच्च विग घेतला जातो आणि पन्नाशीच्या चेहऱ्यावर विशीतले केस लगेच डोळ्यांत भरतात. काळ्याकुट्ट रंगाचंही तेच. गडद तपकिरी छटा बहुतेकांना जास्त खरी दिसते.

सिंथेटिक विग स्वस्त, धुतल्यावरही त्याचं वळण टिकतं. पण शेगडीच्या धगीने त्याचे केस आक्रसतात. स्वयंपाक करताना तो काढून सुती रुमाल बांधलेला बरा. खऱ्या केसांचा विग महाग, शिवाय दर वेळी सेट करावा लागतो.

विग कोणताही असो, तो डोक्यावर घालूनच पार्लरमध्ये चेहऱ्याप्रमाणे कापून घ्या. थोडाथोडाच, हे केस पुन्हा वाढत नाहीत.