छोट्या रोबोच्या मोटरचा वेग : दोष शोधण्याची रीत

दोन पिवळ्या गिअरमोटर, एल२९८एन चिपचा ड्रायव्हर बोर्ड, आर्डुइनो उनो आणि बॅटरीची डबी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सामान सहज मिळते आणि कित्येक मुलांचा पहिला रोबो त्यातूनच उभा राहतो. त्याच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. पूर्ण वेगाने धावतो, पण हळू चालत नाही. हातात उचलून धरला की चाके छान फिरतात, जमिनीवर ठेवला की थबकतो. सरळ जायचे तर एका बाजूला ओढतो. अशा वेळी प्रोग्रॅममधला आकडा वाढवून पाहिला जातो, आणि तेवढ्याने भागले नाही तर थेट पीआयडी नियंत्रण (वेग मोजून आकडा आपोआप दुरुस्त करणे) जोडले जाते. माझ्या मते हे दोन्ही उपाय घाईचे आहेत, कारण दोष कुठे आहे याचा शोध त्याआधी लागलेलाच नसतो.

प्रोग्रॅम मोटरला वेग देत नाही, हे आधी पक्के समजून घ्यायला हवे. प्रोग्रॅम ० ते २५५ मधला एक आकडा देतो. त्या आकड्यावरून पिन किती वेळ चालू आणि किती वेळ बंद राहायची हे ठरते; यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. त्यातून मोटरला सरासरी व्होल्टेज मिळते, व्होल्टेजमुळे प्रवाह वाहतो, प्रवाहामुळे पीळ निर्माण होतो, आणि घर्षण व वजन यांनी आपला वाटा घेतल्यावर जे उरते ते चाकाच्या वेगात दिसते. या साखळीतली कोणतीही कडी कच्ची असली तरी बाहेरून दिसणारी तक्रार एकच असते : वेग ताब्यात नाही. म्हणून तपास कडी-कडीने, मोजून करावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची कडी मोटर स्वतःच आहे. डीसी मोटर फिरू लागली की ती एक लहानसे जनित्रही होते आणि आपल्याला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या विरुद्ध व्होल्टेज निर्माण करते. हे विरोधी व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात वाढते. मोटरला मिळालेल्या व्होल्टेजमधून तिच्या वेटोळ्यातील रोधावर खर्ची पडलेले व्होल्टेज वजा केले की जे राहते, तेवढाच वेग. उदाहरणादाखल वेटोळ्याचा रोध ५ ओम धरू. मोटरला ५ व्होल्ट मिळत आहेत आणि चालताना ती ०.२ अँपिअर घेते आहे. मग रोधावर १ व्होल्ट जातो आणि वेगाच्या वाट्याला ४ व्होल्ट येतात. रोबो सतरंजीवर चढला, भार दुप्पट झाला आणि प्रवाह ०.४ अँपिअर झाला, तर वेगासाठी ३ व्होल्ट उरतात. वेग चतुर्थांशाने घटला, पण रोबो चालत राहिला. आता हाच हिशेब सरासरी २ व्होल्टवर करा. साध्या फरशीवर वेगासाठी १ व्होल्ट उरतो आणि भार दुप्पट होताच शून्य. त्याच सतरंजीवर रोबो जागीच थांबतो. हळू चालवणे हे वेगाने चालवण्यापेक्षा अवघड का असते, याचे उत्तर या चार ओळींच्या गणितात आहे. त्यात प्रोग्रॅमची काही चूक नाही.

शिवाय थांबलेल्या चाकाला हलवण्यासाठी लागणारा जोर फिरत्या चाकाला फिरते ठेवण्याच्या जोरापेक्षा जास्त असतो. त्यामुळे एका ठरावीक आकड्याच्या खाली मोटर हलतच नाही, नुसती बारीक गुणगुणते. ही गुणगुण निदानासाठी फार उपयोगी आहे. आवाज येतो म्हणजे वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे आणि घर्षण जिंकते आहे. तेव्हा चाक आसाला घासते का, गिअरच्या खोक्याचा स्क्रू जास्त आवळला गेला आहे का, ते पाहावे. आवाजच नसेल तर तारांकडे वळावे.

यानंतर वीजपुरवठा. मल्टिमीटर घ्या, प्रोग्रॅममध्ये २५५ द्या, रोबोला जमिनीवर भार घेऊन चालू द्या आणि तीन ठिकाणी व्होल्टेज मोजा : बॅटरीच्या टोकांवर, ड्रायव्हरच्या पुरवठ्याच्या स्क्रूंवर आणि मोटरच्या टोकांवर. उचलून धरलेल्या रोबोवर घेतलेले मोजमाप येथे निरुपयोगी आहे, कारण मोकळी मोटर प्रवाहच फारसा घेत नाही. पहिल्या दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर तार बारीक आहे, स्विच खराब आहे किंवा सोल्डरचा डाग कच्चा आहे. बॅटरीचाच आकडा कोसळत असेल तर बॅटरी अपुरी आहे. स्मोक अलार्ममध्ये वापरतात ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरसाठी घेऊच नये. तिचा अंतर्गत रोध जास्त असल्याने मोटर सुरू होताच तिचे व्होल्टेज खाली येते, आणि पुष्कळदा आर्डुइनोही त्याच क्षणी रीसेट होतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक ड्रायव्हरचा. एल२९८एनमध्ये जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. १ अँपिअर प्रवाहाला त्यांच्यात एकूण १.८ ते ३.२ व्होल्ट खर्च होऊ शकतात, असे चिपच्या माहितीपत्रकातच दिलेले असते. प्रवाह कमी असला तर हा खर्च थोडा उतरतो, संपत मात्र नाही. चार्ज होणाऱ्या चार निकेल मेटल हायड्राइड सेलचे मिळून ४.८ व्होल्ट होतात. त्यातले दोन ड्रायव्हरने घेतल्यावर मोटरने काय करावे? दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडून ७.४ व्होल्ट दिले की तीच मोटर व्यवस्थित चालते.

विजेची बाजू निर्दोष निघाली, तर मगच आदेशाकडे यावे. बोर्डवर ईएनए आणि ईएनबी या पिनांवर लहान जम्पर बसवलेले असतात. ते तसेच ठेवून वेगाची तार दुसरीकडेच जोडली, तर ड्रायव्हर कायम पूर्ण सुरू राहतो. वेग एकच, आकडा कोणताही द्या. जम्पर काढून तिथे आर्डुइनोची पीडब्ल्यूएम पिन जोडावी लागते. उनोवर अशा पिना ३, ५, ६, ९, १० आणि ११ या सहाच. त्यातही गोम अशी, की सर्व्हो मोटरची लायब्ररी वापरली की ९ आणि १० वरचे पीडब्ल्यूएम बंद पडते, आणि बझरसाठी टोन फंक्शन वापरले की ३ आणि ११ वरचे बिघडते, कारण त्या पिना आणि ही कामे आतला एकच टायमर वाटून घेतात. काल चालणारा रोबो सर्व्होचा हात जोडल्यावर बिघडला, तर आधी हे तपासावे. आर्डुइनो आणि ड्रायव्हर यांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले असणे तर अनिवार्यच.

आकड्याची मर्यादाही लोक विसरतात. ५ किंवा ६ क्रमांकाच्या पिनला ३०० दिले तर आठ बिटांत ते मावत नाही आणि प्रत्यक्षात ४४ पोहोचते. उणे २० दिले तर २३६. थांबायला आलेला रोबो अचानक उसळतो तो यामुळे. आदेश देण्याआधी आकडा ० ते २५५ मध्ये बांधून घेणे, ही एका ओळीची दुरुस्ती आहे.

मात्र ज्याची चर्चा सहसा होत नाही, असा एक मुद्दा मला या सगळ्यांत अधिक मोलाचा वाटतो : पीडब्ल्यूएमच्या बंद काळात मोटरचे काय होते? ईएनए पिनवर पीडब्ल्यूएम दिले तर बंद काळात ड्रायव्हरचे सगळे ट्रान्झिस्टर मिटतात. वेटोळ्यातला प्रवाह डायोडांतून पुरवठ्याकडे परततो, झपाट्याने शून्य होतो आणि चाक मोकळे घरंगळते. परिणामी लहान आकड्याला उचललेले चाक अपेक्षेपेक्षा जोरात फिरते आणि भाराखालचे चाक हलत नाही. याउलट ईएनए कायम चालू ठेवून दिशा ठरवणाऱ्या पिनांपैकी आयएन१ वर पीडब्ल्यूएम आणि आयएन२ वर शून्य दिले, तर बंद काळात मोटरची दोन्ही टोके खालच्या बाजूने जोडली जातात, प्रवाह आतल्या आत फिरत राहतो आणि मोटरला सरासरी व्होल्टेज खरोखर आकड्याच्या प्रमाणात मिळते. आकडा आणि वेग यांचा आलेख बराचसा सरळ होतो. उलट दिशेसाठी दोन्ही पिनांच्या भूमिका बदलायच्या. दोन मोटरींना चार पीडब्ल्यूएम पिना लागतात, पण हळू चालणाऱ्या रोबोसाठी तो सौदा चांगलाच आहे.

ब्रशच्या ठिणग्यांनी आर्डुइनो गडबडत असेल, तर मोटरच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करावा. १०४ असे छापलेला कपॅसिटर तो हाच.

आता पीआयडी. यंत्राचा वेग पाहून त्यालाच आवर घालण्याचे शास्त्र जुने आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने वाफेच्या इंजिनांसारख्या यंत्रांवरील गव्हर्नरांचे गणित १८६८ मध्येच मांडले होते. दोन मोटरी कधीच अगदी सारख्या नसतात, म्हणून सरळ चालण्यासाठी वेग मोजून दुरुस्ती करणे योग्यच आहे. पण मोजमाप खडबडीत असेल तर नियंत्रणही खडबडीत होते. वेग मोजणारी २० खाचांची चकती सेकंदाला दोन फेरे घेत असेल तर ५० मिलिसेकंदांत दोनच स्पंद येतात. एक स्पंद इकडचा तिकडे झाला की वेग निम्म्याने चुकला. त्याऐवजी दोन स्पंदांमधला वेळ मोजावा. येथे तो सुमारे २५ मिलिसेकंद असेल, आणि आर्डुइनो तो ४ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी मोजतो. तसेच चाक अडलेले असताना पीआयडीमध्ये हव्या आणि प्रत्यक्ष वेगातल्या फरकाची बेरीज साठत जाते आणि चाक सुटताच रोबो उसळी घेतो, म्हणून त्या बेरजेला कमाल मर्यादा घालावी.

पीआयडी दोष झाकते, ही माझी त्याबद्दलची खरी हरकत आहे. घासणाऱ्या चाकाला ते गुपचूप जास्त आकडा देते, बॅटरी उतरली की आणखी देते, आणि २५५ गाठल्यावर त्याच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून पीआयडी लिहिण्याआधी दोन्ही मोटरींचा एक तक्ता करा : आकडा ५० पासून २५५ पर्यंत वाढवत न्या आणि जमिनीवरचे चाकाचे फेरे लिहा. दोन स्तंभांत मोठी तफावत दिसली तर आधी यंत्र दुरुस्त करा. नवा रोबो बांधत असाल आणि मोटरी लहान असतील तर एल२९८एन घेऊ नका. मॉसफेट असलेला टीबी६६१२एफएनजी सतत १.२ अँपिअर देतो आणि त्यात व्होल्टेजचा अपव्यय फारच कमी होतो.