यंत्रानुवादाची साधने : उपयोग आणि मर्यादा

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित अनुवादसाधनांमुळे सरकारी पत्र, औषधाचे माहितीपत्रक किंवा न्यायालयाचा निकाल मातृभाषेत वाचणे सामान्य नागरिकाला शक्य होऊ लागले आहे.

केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या उपक्रमाचा प्रारंभ पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ४ जुलै २०२२ रोजी गांधीनगर येथे झाला. १७ डिसेंबर २०२३ रोजी वाराणसी येथील काशी तमिळ संगममच्या कार्यक्रमात पंतप्रधानांचे हिंदी भाषण याच साधनाच्या साहाय्याने तमिळमध्ये तत्काळ ऐकवण्यात आले. मद्रास आयआयटीतील ‘एआय फॉर भारत’ या संशोधन गटाने २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ‘इंडिकट्रान्स २’ ही प्रणाली मराठी आणि कोकणीसह आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत अनुवाद करते.

सर्वोच्च न्यायालयाने निकालांच्या अनुवादासाठी २०१९ मध्ये ‘सुवास’ ही प्रणाली सुरू केली. मात्र न्यायालयीन भाषेत ‘लीव्ह ग्रँटेड’ याचा अर्थ ‘अपिलास परवानगी’ असा होतो. शब्दशः अनुवादात तो ‘रजा मंजूर’ होऊ शकतो.

ही साधने पूर्वी अनुवादित झालेल्या असंख्य वाक्यांच्या आधारे संभाव्य शब्द निवडतात. त्यामुळे वाक्य ओघवते असूनही अर्थ चुकण्याचा संभव असतो. नावे, तारखा, रकमा, औषधाची मात्रा आणि विशेषतः ‘नाही’ हा शब्द मूळ मजकुराशी ताडून पाहावा. गोपनीय कागदपत्रे अशा साधनांत टाकू नयेत. स्वाक्षरी करण्यापूर्वी मात्र भाषेच्या जाणकाराकडून खात्री करून घेणेच हिताचे ठरते.